ताकद रश्श्यात की बोटीत?
मंद आचेवर शिजणाऱ्या हांडीचा हिशेब

मटणाची हांडी चुलीवरून उतरली की आपल्या घरांत एक वाक्य हमखास कानी पडते, "शोरबा पी, सगळी ताकद शोरब्यातच असते." तापातून उठलेल्याला शोरबा, बाळंतिणीला पायांचा शोरबा, दात नसलेल्या दादीला शोरब्यात कुस्करलेली भाकरी, सात-आठ महिन्यांच्या बाळाला वाटीभर पातळ यखनी. हे सारे मायेनेच दिले जाते. पण सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी दस्तरखानावर बसणारी सून किंवा घरातील मोठी मुलगी, तिच्याही वाट्याला बहुतेक वेळा शोरबाच येतो, कारण तोवर बोट्या संपलेल्या असतात. मग तीही स्वतःची समजूत घालते, की असू दे, खरी ताकद तर शोरब्यातच आहे.

ही समजूत कितपत खरी आहे, हा या लेखाचा विषय. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर घरातील मुलींच्या आणि बायकांच्या रक्ताशी जोडलेले आहे, म्हणून तो नीट तपासून पाहायला हवा.

मंद आच आणि जुनी माणसे

गोश्त तासन्‌तास मंद आचेवर शिजवण्याची रीत आपल्याला नवी नाही. निहारी हा शब्द अरबीतील 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ यावरून आला. रात्रभर शिजवायची आणि सकाळी खायची, ती निहारी. मोहरममधील खिचडा, दख्खनी दालचा, हिवाळ्यातील पाये, शब-देग ही सारी याच घराण्यातली. आमच्या जुन्नर तालुक्याचा तर या दख्खनी स्वयंपाकाशी जुना संबंध. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नरच होती, अहमदनगर त्यानंतर वसले. बेल्ह्याहून घाट चढून वर गेले की आणे लागते. तिथे रंगदास स्वामींच्या उत्सवात मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते आणि हजारो माणसे एका पंगतीत आमटी-भाकरी खातात. पदार्थ शाकाहारी, पण मोठे भांडे, सावकाश शिजवणे आणि सर्वांना सारखे वाढणे ही रीत या मातीत सगळ्यांचीच आहे.

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी प्रसिद्ध आहे. शेळ्या-मेंढ्याही येतात. पुणे, नाशिक, नगर या पट्ट्यात वाढलेली संगमनेरी शेळी आपल्या भागाची ओळखच आहे. चरून फिरलेल्या अशा जनावराचे गोश्त थोडे चिवट असते आणि त्याला घाईची आच मानवत नाही. मंद आचेची हांडी ही त्या गोश्ताचीच गरज होती.

कोरियातली बहीण

शाळेतील मुलींच्या तोंडी हल्ली कोरियन मालिकांची नावे असतात. त्या मालिकांत दिसणारे जेवणही त्यांना पाठ असते. सणाच्या जेवणात मध्यभागी ठेवलेले, काळसर चकाकणारे गोश्त त्या हमखास ओळखतात. त्याचे नाव गाल्बी-जिम. 'गाल्बी' म्हणजे फासळी आणि 'जिम' म्हणजे झाकून, मंद आचेवर, थोड्या रसात शिजवलेले. चुसोक हा त्यांचा पीक-कापणीच्या दिवसांतला सण आणि सोल्लाल हे चांद्र नववर्ष, या दोन दिवशी ही हांडी घरोघर होते.

रीत पाहिली तर ती आपल्या निहारीची दूरची बहीण वाटते. फासळ्यांचे तुकडे थंड पाण्यात भिजवून रक्त काढतात, एक उकळी देऊन ते पाणी टाकून देतात. मग सोया सॉस, लसूण, आले, कांदा, तिळाचे तेल आणि किसलेली नाशपाती लावून दोन-तीन तास शिजवतात. नाशपाती कशासाठी? तिच्यातील पाचकद्रव्याने गोश्त मऊ होते. आपण कच्ची पपई लावतो ती याच कारणासाठी. त्याच हांडीत पुढे मुळा, गाजर, चेस्टनट आणि सुकी बोरे पडतात. ही बोरे म्हणजे युनानी हकीम ज्याला उन्नाब म्हणतात तेच फळ.

ही हांडी आपल्या घरी जशीच्या तशी होणार नाही. कोरियात ती बहुधा गायी-बैलाच्या फासळ्यांची असते आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचे मांस कायद्याने वर्ज्य आहे. अनेक कोरियन कृतींत तांदळाची दारू घालतात, तिचा प्रश्नच नाही. सोया सॉसच्या काही बाटल्यांतही अल्कोहोल असते, त्यामुळे वेष्टन वाचल्याशिवाय आणि हलालची खात्री केल्याशिवाय ती घेऊ नये. शिवाय एका मोठ्या चमच्यात जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. दोन चमच्यांतच दिवसाचा जवळजवळ सारा वाटा संपला.

त्या हांडीकडून दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे गोश्ताच्याच भांड्यात कंदभाज्या शिजवणे. दुसरी म्हणजे रस आटवून तो बोटीवरच चढवणे. तिथे पातळ रस्सा उरतच नाही, त्यामुळे कोणाच्या ताटात नुसता रस्सा जाण्याचीही वेळ येत नाही.

झाकणाखाली काय घडते

जनावराचे जे स्नायू जास्त काम करतात, म्हणजे मान, खांदा, छाती, पाय, त्यांत कोलॅजेन नावाचा चिवट धागा अधिक असतो. ओलसर उष्णतेत, साठ-सत्तर अंशांच्या पुढे, हा धागा हळूहळू विरघळून जिलेटिन होतो. रस्सा थंड झाला की थरथरतो, ओठांना चिकटतो, ते हेच जिलेटिन. याला वेळ लागतो. खळखळ उकळी देऊन वेळ वाचत नाही, उलट मांसाचे तंतू आकसतात, आतला रस पिळून बाहेर येतो आणि बोटी कोरडी, दोरीसारखी होते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून दोन तासांचे काम अर्ध्या तासात होते.

मंद आचेचा आणखी एक फायदा आहे. गोश्त जाळावर किंवा कोळशावर काळे होईपर्यंत भाजले की त्यात काही अपायकारक द्रव्ये तयार होतात. पाण्यात शिजवताना तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे ती फारशी होत नाहीत. कबाब अधूनमधून, हांडी नेहमी, हा नियम बरा.

रश्श्यात काय, बोटीत काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

बोकडाच्या चरबी नसलेल्या १०० ग्रॅम कच्च्या गोश्तात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. लोह दोन ते तीन मिलिग्रॅम, जस्त चार मिलिग्रॅमच्या आसपास आणि बी-१२ जीवनसत्त्व एक मायक्रोग्रॅमच्या वर. बी-१२ निसर्गतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते. भाजी-भाकरीत ते नाही.

शिजताना यातले किती रश्श्यात उतरते? पाण्यात विरघळणारी ब-गटातील काही जीवनसत्त्वे, पोटॅशियम, थोडी प्रथिने, जिलेटिन, मीठ आणि चरबी रश्श्यात येतात. म्हणून रस्सा टाकून देऊ नये हे खरे. पण प्रथिनांचा मोठा वाटा, लोह आणि जस्त बोटीतच राहते. साध्या पातळ शोरब्याच्या वाटीत प्रथिने दोन-चार ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. तेवढ्याच वजनाच्या बोट्यांत ती कितीतरी पट असतात.

पायांच्या शोरब्याचे काय? त्यात जिलेटिन भरपूर, म्हणजे प्रथिने आहेत. पण ती अपुरी आहेत. शरीराला बाहेरूनच घ्यावे लागणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसते. म्हणून पायांचा शोरबा डाळ, अंडे, दूध यांच्या जोडीने घेतला तर उपयोगी, पण त्यांच्या जागी तो चालत नाही. "हाडे शिजवली म्हणजे कॅल्शियम मिळाले" हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. हाडातील कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एक मोठा ग्लास दूध त्यातले ३०० च्या आसपास देते, शोरब्याची वाटी त्याच्या जवळपासही जात नाही. मोडलेल्या हाडासाठी पाये अवश्य प्या, पण दूध, दही, नाचणी, तीळ सोडू नका.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. रश्श्यात चव आहे, ऊब आहे, थोडे पोषण आहे. ताकद म्हणतो ती बोटीत आहे.

वर्गातला एक प्रश्न

आहार हा धडा शिकवताना आम्ही एकदा मुलांना विचारले, "घरात शेवटचे गोश्त झाले तेव्हा तुमच्या ताटात किती बोट्या होत्या?" मुलगे बोटांवर मोजून सांगू लागले. कोणी चार म्हणाला, कोणी सहा, एकाने नळीचाही हिशेब दिला. मुलींपैकी काहींनी दोन म्हटले. काही जणी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि एक म्हणाली, "टीचर, आम्ही अम्मीबरोबर जेवतो. तोपर्यंत रस्साच असतो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असेच असते, एवढेच तिचे म्हणणे होते.

हे कोणत्या एका समाजाचे किंवा एका गावाचे नाही. शेजारच्या घरांतही भाकरीचा पहिला तवा बापाला आणि शेवटचा आईला जातो. पण त्याची किंमत काय पडते ते आकडे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.९ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ते ६८.९ टक्के होते. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक बायका आणि तीनपैकी दोन लहान मुले कमी रक्तावर दिवस काढत आहेत.

बारा वर्षांपुढील मुलीचे आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असले की तो रक्तक्षय. गरोदरपणात ही रेषा ११ वर आहे. वर्गात तो कसा दिसतो? मुलगी दुसऱ्या तासाला पेंगते, जिना चढताना धापा टाकते, वाचलेले लक्षात राहत नाही, चिडचिड करते. आपण तिला आळशी म्हणतो. लग्न होऊन ती गरोदर राहते तेव्हा हेच कमी रक्त तिच्या आणि बाळाच्या जिवावर येऊ शकते.

लोहाचा हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते. प्रौढ स्त्रीला २९ आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३० मिलिग्रॅम लागते. दर महिन्याला रक्त जाते, शिवाय वय वाढीचे, म्हणून ही गरज. थोडक्यात, घरात लोहाची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिच्याच ताटात ते सर्वांत कमी पडते.

सहा माणसांच्या घरात एक किलो गोश्त आणले, तर हाडे वजा जाता सहाशे-सातशे ग्रॅम उरते. सारखे वाटले तर प्रत्येकाला शंभर-एकशे दहा ग्रॅम, म्हणजे वीस-बावीस ग्रॅम प्रथिने. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची गरज सुमारे ४६ ग्रॅम आहे. एका जेवणात जवळजवळ निम्मी भागली.

लोह मात्र दोन-तीन मिलिग्रॅमच मिळाले. २९ च्या मानाने हे काहीच नाही, असे वाटेल. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. मांसातील लोहाचा मोठा भाग हीम लोह असतो आणि त्यातले शंभरात पंधरा ते पस्तीस भाग शरीर शोषते. भाकरी-डाळ-भाजीतले लोह वेगळ्या जातीचे, त्यातले शंभरात पाच-दहा भागच अंगी लागतात. पण त्याच घासात गोश्त असेल तर भाकरीतले लोहही अधिक शोषले जाते. आपल्या बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे. म्हणून बाजरीची भाकरी आणि गोश्त ही आपल्याकडची जोडी नुसती चवीची नाही. पांढऱ्या पावापेक्षा आणि मैद्याच्या नानपेक्षा ती कितीतरी सरस.

यावर लिंबू पिळा, कच्चा कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घ्या. क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण आणखी वाढते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. दावत संपताच कडक चहाची फेरी फिरते. चहातील टॅनिन लोहाला अडवून ठेवते. तासाभराने प्या, चहा कुठे पळून जात नाही.

महिनाभर गोश्त परवडत नाही हेही खरे. मग अंडे, मसूर, हुलगे, शेवग्याची पाने, शेंगदाणे आणि लिंबू हा रोजचा आधार आहे. कलेजीत लोह आणि बी-१२ बोटीपेक्षा पुष्कळ अधिक असते, महिन्यातून एक-दोनदा मुलींना जरूर द्यावी. फक्त गरोदर स्त्रीने ती बेताने घ्यावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असते आणि ते पोटातील बाळाला अपाय करू शकते.

एक खबरदारी. रक्तक्षय असलेल्या मुलीचा इलाज केवळ बोट्यांनी होत नाही. शाळांतून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी आणि ठरावीक काळाने जंताची गोळी दिली जाते. ती घेऊ द्या. गोळीने मळमळले तर उपाशीपोटी न देता जेवणानंतर द्या, पण खिडकीतून फेकू देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असण्याची कारणे लोहाखेरीज इतरही असतात, ती डॉक्टरच सांगतील.

अशी करून पाहा हांडी

कोरियन रीतीतून कंदभाज्या घेतल्या आणि मसाला आपला ठेवला, अशी ही सहा जणांची हांडी.

एक किलो बोकडाचे गोश्त, छातीच्या फासळ्या, खांदा आणि एखादी नळी. हे भाग मांडीपेक्षा चिवट असतात, पण मंद आचेवर तेच जास्त रसाळ होतात. ताजे कापलेले गोश्त पहिले काही तास ताठर असते, म्हणून ते फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवलेले बरे.

गोश्त भराभर धुऊन घ्या. पहिली उकळी फेकण्याची कोरियन रीत आपण घेऊ नये, त्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. वाटीभर दही, दोन चमचे आले-लसूण, एक चमचा किसलेली कच्ची पपई, हळद आणि तिखट लावून तासभर ठेवा. पपई याहून जास्त झाली तर बोटीचा लगदा होतो.

जाड बुडाच्या भांड्यात तीन मोठे चमचे तेल घ्या, त्याहून अधिक नको. दोन दालचिनीचे तुकडे, चार लवंगा, दोन मसाला वेलदोडे, दहा मिरे टाका. तीन कांदे उभे चिरून बदामी होऊ द्या. गोश्त घालून दहा मिनिटे परता. मग बोट्या जेमतेम बुडतील एवढे गरम पाणी आणि दोन लहान चमचे मीठ. उकळी आली की आच अगदी कमी करा, झाकण ठेवून कडेने कणीक लावा किंवा वर वजन ठेवा. अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा, एवढी आच पुरे. दोन तास. कुकर असेल तर एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे.

शेवटच्या अर्ध्या तासात दोन गाजरे, एक मुळा आणि एक शलगम, मोठे तुकडे करून घाला. सोबत चार-पाच उन्नाब, ते नसतील तर तीन खजूर. दोन चमचे भाजलेल्या तिळाची पूड घाला. झाकण काढून रस दाट होऊ द्या, तो बोटीला चिकटला पाहिजे. वरचा तवंग चमच्याने काढून टाका. ज्यांना वेळ आहे त्यांनी हांडी फ्रिजमध्ये थंड करावी, चरबी वर गोठते आणि ती अलगद निघते. लिंबू आणि कोथिंबीर ताटातच घ्यावी, उकळीत क जीवनसत्त्व नष्ट होते.

भाज्या घातल्याने हांडी वाढते, पोट भरते, आणि एक किलोत सहा जणांना पुरेशा बोट्या येतात.

कोणी जपून

रक्तदाब असलेल्यांनी मीठ आणि रस्सा बेताने घ्यावा. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर तवंग, चरबी आणि नळीतील मगज टाळावा. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांनी पाये, कलेजी आणि विशेषतः शोरबा कमी करावा, कारण त्रास देणारी प्युरीन द्रव्ये रश्श्यात उतरतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी बोटीचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. धडधाकट माणसानेही लाल मांस आठवड्याला शिजवलेले साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवावे, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. ईदच्या आठवड्यात तिन्ही वेळा गोश्त आणि पुढे दोन महिने काहीच नाही, यापेक्षा थोडे थोडे, पण नियमित, हे शरीराला मानवते.

वृद्धांना मऊ शिजलेली बोटी द्या. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यांना प्रथिने लागतात, आणि त्यांची अडचण दातांची असते. हांडीतली बोटी बोटांनी तुटते. सहा महिने झालेल्या बाळालाही नुसते पातळ पाणी देऊ नका. मऊ बोटी मिठाशिवाय वाटून, भाताबरोबर एक-दोन चमचे द्या. त्याचे पोट लहान, त्यात पाणी भरले तर अन्नाला जागा राहत नाही.

कुर्बानीचे गोश्त ठेवताना

शिजलेली हांडी दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. मोठ्या भांड्यातले गोश्त मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते आणि तिथेच जंतू वाढतात. उरलेले लहान, उथळ डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना पुन्हा चांगली उकळी द्या. कच्चे गोश्त अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत गोठवा, म्हणजे लागेल तेवढेच काढता येईल. एकदा विरघळलेले पुन्हा गोठवू नका. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावांत फ्रीझर गच्च भरण्यापेक्षा वाटून टाकलेले केव्हाही चांगले, त्यात सवाबही आहे.

वाढताना

रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अबूजर (रजि.) यांना शोरब्यात पाणी जास्त घालून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. त्या शिकवणीचा रोख वाटून खाण्याकडे आहे. आणि त्यांना आवडणारे सरीद म्हणजे शोरब्यात कुस्करलेली भाकर, तीही गोश्तासह. शेजाऱ्याची आठवण ठेवायला सांगणारा दीन घरातल्या सुनेला आणि मुलीला विसरायला कसा सांगेल?

म्हणून एवढेच करावे. हांडी उतरली की वाढण्याआधी बोट्या मोजाव्यात आणि जितकी माणसे तितके वाटे करावेत. जी शेवटी जेवणार आहे तिचा वाटा आधी काढून झाकून ठेवावा. घरात गरोदर किंवा बाळंतीण असेल, शाळेत जाणारी मुलगी असेल, तर तिच्या वाट्यात एक बोटी जास्त. आणि हे काम घरातल्या पुरुषाने स्वतः करावे. अम्मी स्वतःसाठी बोटी काढून ठेवणार नाही, ते कोणालाही माहीत आहे. मुलाच्या ताटातली एक बोटी कमी झाल्याने त्याची ताकद जात नाही, पण तीच बोटी बहिणीच्या ताटात गेली तर दुसऱ्या तासाला ती पेंगणार नाही.